विषाद, वैद्य आणि सर्पगंधा

मुलुंडमध्ये वाढलेल्या माणसाला ‘याला ठाण्याला पाठवायला हवं’ या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ठाणे म्हणजे आमचे पुढचे स्टेशन; पण या वाक्यातले ठाणे म्हणजे १९०१ साली सुरू झालेले तिथले मनोरुग्णालय. कोणी जरा विचित्र वागला की हे वाक्य तयारच असे. आमच्याही घरात ते हसत हसत बोलले जाई. १९७८ साली मात्र आमच्यावर ते न हसता ऐकायची वेळ आली.

आई गेली आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, झोप उडाली. अन्नावरची वासना गेली. कोणीतरी सुचवले म्हणून त्यांनी सर्पगंधेच्या गोळ्या सुरू केल्या. ‘आयुर्वेदिकच आहेत, त्यांनी काय अपाय होणार?’ असे आम्हीही म्हटले. झोप थोडी लागू लागली, पण दोन-तीन महिन्यांत अण्णांचे बोलणेच थांबले. गव्हाणपाड्यातल्या आमच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एके दिवशी ओळखीचे एक वृद्ध वैद्यबुवा भेटायला आले. त्यांनी नाडीच्या आधी विचारले, ‘अण्णा, सध्या पोटात काय काय घेताय?’ गोळ्यांची बाटली पाहून ते म्हणाले, ‘या बंद करू. आणि उद्या ठाण्याला जाऊन तिथल्या डॉक्टरांना दाखवू.’

अण्णांनी कितीतरी दिवसांनी तोंड उघडले. ‘म्हणजे मी वेडा झालो का हो?’

‘वेडे कसले? विषाद झालाय तुम्हाला. चरकांनी त्याला रोगांत धरलंय. रोगाची लाज कसली?’

वैद्यबुवांचे ते उत्तर माझ्या मनात राहिले आणि पुढे सवडीने मी या विषयाचा मागोवा घेत गेलो. चरकसंहितेत वाताचे म्हणून जे ऐंशी विकार मोजले आहेत, त्यांत विषाद आहे. इतकेच नव्हे, रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिला मान दिला आहे. कफज उन्मादाच्या वर्णनात एका जागी बसून राहणे, न बोलणे, एकांत हवासा वाटणे ही लक्षणे येतात. आजच्या नैराश्याशी यांतले काहीच तंतोतंत जुळते असे नाही. पण मनाचे दुखणे हा स्वभावाचा दोष नसून उपचाराचा विषय आहे, ही समज त्यात आहे. चरकांनी चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. सत्त्वावजय म्हणजे अहितकारक विषयांपासून मनाला आवरणे. प्रिय वस्तू गमावल्याने ज्याचे मन दुखावले असेल, त्याला तिच्यासारखी दुसरी मिळवून देऊन, सांत्वनाने, धीर देऊन शांत करावे, असेही संहिता सांगते.

आता त्या गोळीची हकीकत. सर्पगंधेच्या मुळीला उत्तरेत ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचे औषध म्हणून तिच्याविषयी लिहिले. पण जगाचे लक्ष वेधले आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाचे आपले अनुभव मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील ‘सिबा’ कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले, आणि १९५४ साली न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ साली वकील आणि क्लाइन दोघेही लास्कर पुरस्काराचे मानकरी ठरले.

पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना गाढ उदासीनता आल्याच्या नोंदी होऊ लागल्या. रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांसारख्या द्रव्यांचे साठे रिकामे होतात, हेही याच सुमारास कळले. त्यावरून तर्क निघाला, की नैराश्य म्हणजे अशा द्रव्यांची कमतरता असावी. औषधांच्या एका मोठ्या शाखेला या तर्काने दिशा दिली. आज तो तर्क फार सोपा मानला जातो. रेसर्पिनने नैराश्य येतेच, हेही पक्के नाही. १९५५ साली लंडनमधील एका चाचणीत चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना त्याचा उलट फायदाच दिसला होता. तरीही नैराश्य असलेल्यांना किंवा पूर्वी होऊन गेलेल्यांना ते देऊ नये, अशी सावधगिरीची सूचना औषधशास्त्रात रूढ झाली. अण्णा गोळ्यांमुळेच खचले, असे मी म्हणणार नाही. आईचे जाणे पुरेसे होते. पण वैद्यबुवांना जी शंका आली, ती आम्हा शिकल्यासवरल्यांना आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला गेलो. डॉक्टरांनी औषधे दिली, ती अण्णांनी वर्षभर घेतली. वैद्यबुवांनी स्वतःची एकही पुडी दिली नाही. त्यांनी दिनचर्या बांधून दिली: सकाळी ठरल्या वेळी उठणे, अंगाला तेल, वेळेवर ऊन ऊन जेवण. आणि रोज संध्याकाळी ते स्वतः येत आणि अण्णांना स्टेशनच्या दिशेने फिरायला नेत. पहिले कित्येक दिवस दोघे एक शब्दही न बोलता परत येत. एका संध्याकाळी जिन्यावरून अण्णांचा आवाज आला. ते वैद्यबुवांना आईच्या हातच्या अळूच्या भाजीबद्दल सांगत होते. मी दाराआड उभा राहून ऐकत राहिलो.

वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आयुर्वेदाची नव्हे, आपली आहे. जी मुळी दाब उतरवते, ती दाबाच्या दुसऱ्या गोळीबरोबर घेतली तर तो नको तितका उतरवू शकते. म्हणून वैद्यांना डॉक्टरांच्या गोळ्या दाखवाव्यात आणि डॉक्टरांना वैद्यांच्या. आणि उदासी हटत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर काढे-चूर्णांची वाट पाहत थांबू नये. २०२२ साली सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा आज १४४१६ या क्रमांकावर आहे.

आमच्या घरात ‘ठाण्याला पाठवायला हवं’ ही थट्टा त्यानंतर कोणी केली नाही. बाहेर कानावर आली, की मी एवढेच सांगतो, ‘माझे वडील गेले होते. बरे होऊन आले.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)