डेस्कटॉप आज्ञावली आणि वेबतंत्र

ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रत्यक्ष बसविलेली, तिच्याच खिडक्या, कळफलक व जोडउपकरणे वापरणारी ती डेस्कटॉप आज्ञावली. आणि जिचे दर्शनी रूप ब्राउझरमध्ये उमटते, पण जिची माहिती व तिच्यावरील बहुतेक प्रक्रिया दूरच्या सर्व्हरवर असतात, ती वेब आज्ञावली. पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागविण्याची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आली, २००४ मध्ये जीमेलने तिचे सामर्थ्य जगास दाखविले, आणि २०१९ मध्ये ब्राउझरात जड आज्ञावल्या वेगाने चालविणारे वेबअसेम्ब्ली हे अधिकृत मानक झाल्यावर वेगाची अडचणही पुष्कळशी ओसरली. म्हणून पहिलीची जागा दुसरी घेईल काय, या प्रश्नाचे उत्तर आता तंत्राच्या क्षमतेपेक्षा कामाच्या स्वरूपात शोधणे इष्ट होय. मराठवाड्यापुरते ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या महसुली दप्तरात फार स्पष्ट दिसते.

निजामी अमदानीतील उर्दू कागद, १९५४-५५ चे खासरापत्रक आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेनंतरचे गाव नमुने, अशा थरांनी हे दप्तर सिद्ध झाले आहे. संगणकीकरणाच्या पहिल्या पर्वात सातबारा तहसिलीतील संगणकात बंदिस्त होता. आज्ञावलीत दुरुस्ती झाली की ती यंत्रायंत्रावर नव्याने बसवावी लागे, आणि खातेदारास उताऱ्यासाठी तालुका गाठावा लागे. ई-फेरफार प्रकल्पाने ही तटबंदी मोडली. आता दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जाताच त्याची वर्दी तहसिलीत उमटते, तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांस नमुना नऊची नोटीस निघते आणि मुदतीत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्यावर पैठणचा किंवा वैजापूरचा शेतकरी बँकेच्या कर्जासाठी तोच उतारा कोठूनही काढू शकतो. जेथे अभिलेख एक आणि त्यास हात लावणारे अनेक, तेथे वेबतंत्राचा विजय निर्विवाद आहे, आणि सामान्य खातेदाराचा हेलपाटा वाचला हे त्याचे सर्वांत मोठे श्रेय मानले पाहिजे.

परंतु याच कार्यपद्धतीत वेबची सीमाही दडलेली आहे. स्वाक्षरीची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते. अधिकारी ते संगणकास जोडतो व पिन देतो, पण ब्राउझरमधील पान त्या टोकनपर्यंत स्वतः पोहोचू शकत नाही. पूर्वी हे काम जावा ॲपलेट किंवा ॲक्टिव्हएक्स करीत. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने तसल्या जुन्या प्लगइनांचा आधार काढून घेतला, आणि तेव्हापासून अशा सहीसाठी यंत्रावर एक लहानशी सहायक आज्ञावली बसवून पानाने तिच्याशी बोलावे, अशी तजवीज रूढ झाली. पुढे पानाला यूएसबी उपकरणांशी थेट बोलू देणारे वेबयूएसबी आले, तरी स्मार्टकार्ड जातीची उपकरणे त्यातून हेतुतः वगळलेली आहेत. कोणत्याही परक्या संकेतस्थळास कोणाच्याही मोहोरेला हात घालता येऊ नये, यासाठीच हा निर्बंध आहे. तो दोष नसून ब्राउझरचा गुणच होय. नोंदणी कार्यालयात पक्षकाराचे छायाचित्र व अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या उपकरणांनाही यंत्राशी अशीच निकटता लागते.

शेताच्या बांधावर हीच निकटता अधिक निकडीची होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने उभ्या पिकाचे छायाचित्र स्थाननिर्देशासह टिपावयाचे असते, आणि त्यासाठी शासनाने संकेतस्थळाऐवजी मोबाइलवर बसविण्याचे ॲपच पसंत केले. बसविलेले ॲप रेंजवाचूनही काम करू शकते; म्हणून जेथे रेंज क्षणोक्षणी जाते, तेथे ही निवड मला सर्वस्वी योग्य वाटते.

छापखान्यांची कथा मात्र उलट दिशेने जाते. पेजमेकर आणि श्रीलिपीसारखे फॉन्ट यांवर एका पिढीचे डीटीपी चालक घडले. पण त्या पद्धतीत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असल्याने फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होई, आणि पेजमेकरला तर युनिकोड कधी उमगलेच नाही. ब्राउझरांनी युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे यथायोग्य जुळविली व फॉन्ट पानासोबतच पाठविण्याची सोय केली. मराठी मजकूर शोधता येणे, जपला जाणे आणि यंत्रायंत्रांतून अबाधित फिरणे, ही वेबची आपल्या भाषेवरील थोर उपकृती आहे. तथापि वृत्तपत्राचे पान लावताना स्तंभांची मापे, रंगविभाजन व छपाईयंत्राशी संधान यांसाठी इनडिझाइनसारखी डेस्कटॉप आज्ञावलीच अद्याप भरवशाची.

दोहोंमधील सीमारेषाही पुसट होत आहे. गिटहबने २०१३ मध्ये आरंभिलेल्या इलेक्ट्रॉनमुळे वेबतंत्राने रचलेला दर्शनी भाग डेस्कटॉपवर बसविता येतो; २०१५ चा व्हिज्युअल स्टुडिओ कोड त्यावरच उभा आहे. अशी प्रत्येक आज्ञावली स्वतःचा ब्राउझर सोबत वाहते, त्यामुळे जुन्या, अल्पस्मृती यंत्रांवर ती जड पडते. भारी कामात मात्र ही सीमा अजून टिकून आहे. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या सुट्या भागांचे आरेखन करणाऱ्यास ऑटोकॅडचा नकाशा ब्राउझरमध्ये उघडून किरकोळ फेरफार करता येतात. शेकडो भागांची त्रिमिती जुळणी मात्र तो आपल्या टेबलावरील, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकावरच करतो.