म्हापशाची मिलाग्र सायबीण आणि शिरगावची लईराई

मागच्या आठवड्यात एका गृहस्थांनी विचारलं, "म्हापशाच्या चर्चात हिंदू लोक तेल घेऊन का जातात?" त्यांना दोन ओळींत उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

या चर्चचं कागदोपत्री नाव सेंट जेरोम. बायबल लॅटिनमध्ये आणणारे ते जेरोम. पण म्हापशात कोणालाही विचारा, जेरोमबाबांचं नाव फारसं कोणी घेणार नाही. मुख्य वेदीवर 'अवर लेडी ऑफ मिरॅकल्स' आहे, तीच मिलाग्र सायबीण, आणि सगळं चर्च तिच्याच नावानं ओळखलं जातं. मालकी एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी खाती आम्ही बँकेत पुष्कळ पाहिली, त्यातलाच हा प्रकार!

१५४३ मध्ये बार्देस आणि साष्टी आदिलशाहीकडून पोर्तुगीजांकडे गेले. साष्टी जेझुइटांच्या वाट्याला आली, बार्देस फ्रान्सिस्कनांच्या. फ्रान्सिस्कनांनी म्हापशाचं हे चर्च उभारलं १५९४ मध्ये. १८३८ साली ते आगीत सापडलं आणि पुन्हा बांधावं लागलं.

त्याआधीच्या पन्नास वर्षांत काय झालं ते आपल्या लोकांना ठाऊक असतं, पण अर्धवट. देवळं पाडली गेली हे सांगतात, त्यांच्या जमिनींचं काय झालं ते सांगत नाहीत. गावकरीनं देवळाच्या खर्चासाठी नमशी जमिनी तोडून दिलेल्या असत. देवळं गेली तेव्हा त्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या खर्चाकडे वळवलं गेलं. पुढे चर्चचा बराचसा खर्चही गावकरीच उचलत आली. म्हणजे गाव तोच, शेत तेच, भात तेच. फक्त खतावणीतलं नाव बदललं. कॉमर्सवाल्याला इतिहास असाच दिसणार, चालवून घ्या.

घराण्यांचंही तसंच झालं. एका भावानं धर्म बदलला आणि जमीन राखली, दुसऱ्यानं देव उचलला आणि नदीपलीकडे गेला. असनोड्याची नदी ओलांडली की डिचोली महाल. तो तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, त्यांच्या हाती आला अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोवर देवळं पाडण्याचा काळ सरला होता. शिरगाव त्याच डिचोलीत. म्हणून लईराई जागेवर राहिली.

आता गोष्ट. सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा. लईराई शिरगावला, केळबाय मुळगावला, महामाया मयेला, मोरजाई मोरजीला. राहिलेल्यांची नावं प्रत्येक गाव थोडी वेगळी सांगतो. पण त्यांतली मिराबाई म्हापशाला गेली आणि मिलाग्र सायबीण झाली, यावर सगळ्यांचं एकमत. लईराईनं रागाच्या भरात भावाला लाथ मारली, त्याचं प्रायश्चित्त म्हणून ती आगीतून चालते. तिचे धोंड व्रत करून, हातात वेताची काठी आणि गळ्यात मोगऱ्याची माळ घेऊन होमखंडातून जातात ते त्यामुळेच. देवीची मूर्ती नाही, कळस आहे. शिरगावचा मोगरा सायबिणीला आणि सायबिणीचं तेल लईराईला, अशी देवघेव सांगतात.

काही मंडळी लगेच विचारतात, मग चर्चच्या जागी मिराबाईचं देऊळ होतं का? मला हा प्रश्न फार पुढे नेणारा वाटत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो 'बहीण' हा शब्द. लोकांना देवी हरवली असं म्हणता आलं असतं, बाटली असं म्हणता आलं असतं. त्यांनी म्हटलं, बहीण आहे, दुसऱ्या घरी आहे. ज्यांची स्वतःची घरं अशीच दुभंगली होती, त्यांनाच हे सुचावं. १५६० पासून १८१२ पर्यंत (मधली थोडी वर्षं वगळता) गोव्यात इन्क्विझिशन होतं. १७३६ च्या फर्मानानं ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी जुन्या चालीरीतींवर बंदी आली. तरी हे नातं लोकांच्या तोंडी टिकलं.

माझी आई "मिराबाईला तेल वाहून येते" म्हणायची. शेजारच्या मावशी, त्या किरिस्तांव, "सायबिणीच्या फेस्ताक वता" म्हणायच्या. दोघी एकाच बसनं जायच्या. एकीच्या पिशवीत तेलाची बाटली, दुसरीच्या मेणबत्त्या. येताना दोघींच्या हातात खाजं.

फेस्त येतं ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी, सोमवारी. शाखेत त्याआधीच्या शनिवारी सुट्ट्या नाण्यांसाठी काउंटरवर रांग लागायची, तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, आणि दोन्ही दिवस पुष्कळदा जवळजवळ येतात. कारण साधं आहे. ईस्टरही चंद्रावरच ठरतो. बहुतेक वर्षी तो चैत्री पौर्णिमेनंतरचा रविवार असतो. त्यात पंधरा दिवस मिळवा, म्हणजे पौर्णिमेपासून सोळा ते बावीस दिवस. वैशाख पंचमी त्याच पौर्णिमेपासून विसाव्या दिवसाच्या आसपास. २०२३ मध्ये दोन्ही पाठोपाठ होते. कधी ईस्टर फाल्गुनी पौर्णिमेला धरून लवकर येतो, जसा २०२४ मध्ये आला, मग महिनाभराचं अंतर पडतं. पोर्तुगालच्या आणि कोकणाच्या पंचांगांनी ठरवून केलेलं नाही हे, पण बहिणींची गोष्ट टिकायला याचा हातभार लागला असणार असं मला वाटतं.

२०२५ मध्ये शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, भाविकांचे जीव गेले. ती २ मेची रात्र उलटून पहाट होत होती. म्हापशाचं फेस्त होतं ५ मेला.

आताशा दोन्हीकडून कुरकुर ऐकू येते. आपल्यातले काही म्हणतात, चर्चात तेल कशाला? त्यांच्यातले काही म्हणतात, पुतळ्यावर तेल ओतणं ही अंधश्रद्धा. रांगेत उभ्या बायकांनी दोघांकडेही लक्ष दिलेलं नाही.

बार्देस, डिचोली, पेडण्याकडची जी मंडळी हे वाचत असतील त्यांना विचारतो, तुमच्या घरी काय म्हणत? मिराबाई की सायबीण? आणि मोरजी, मयेकडे राहिलेल्या बहिणींची नावं कोणती सांगतात तेही खाली लिहा.