नंदुरबारचा रसायनज्ञ आणि यू वृक्षाची साल

उत्तर कॅरोलिनातील मॉरिसव्हिल हे गाव जेरेमाया मॉरिस नामक गृहस्थाने १८५२ साली लोहमार्गासाठी जमीन दिली तेव्हापासून नकाशावर आले; आणि त्याच्या लगतच्या पाइनवृक्षांच्या रानात, तंबाखू व कापडगिरण्यांवर विसंबलेल्या त्या प्रांताला नवा आधार मिळावा या हेतूने, १९५९ मध्ये ‘रिसर्च ट्रायअँगल पार्क’ ही संशोधनवसाहत उभी राहिली. आज मॉरिसव्हिलमध्ये बिऱ्हाड थाटलेल्या मराठी कुटुंबांनी आवर्जून स्मरावा असा एक पूर्वसूरी येथे होऊन गेला. पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले डॉ. मनसुख वाणी १९६२ मध्ये या वसाहतीतील संशोधनसंस्थेत डॉ. मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या खर्चाने कर्करोगावरील औषधाच्या शोधात देशोदेशीच्या वनस्पती तपासण्याचे ते काम होते. पॅसिफिक यू वृक्षाच्या १२ किलो सुकवलेल्या खोडातून व सालीतून, अर्कामागून अर्क गाळीत, हाती लागले ते केवळ अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य. वॉल यांनी त्यास ‘टॅक्सॉल’ हे नाव दिले, आणि ड्यूक विद्यापीठातील सहकाऱ्यांच्या क्ष-किरण परीक्षणाची जोड घेऊन त्याची रेण्वीय रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या द्रव्यावर एकस्व न घेता सारा तपशील जगापुढे ठेवण्यात आला, म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये संशोधिका सुसान हॉर्विट्झ यांना १९७९ साली त्याची पेशीविभाजन रोखण्याची अपूर्व रीत उकलता आली. माझ्या मते या वृत्तांतातील खरा वैज्ञानिक धर्म तो हाच, कारण सार्वजनिक खजिन्यातून चाललेल्या संशोधनाचा हिशेब सार्वजनिक दप्तरीच जमा व्हावयास हवा.

पुढील प्रकरण इतके निर्मळ नाही. १९९१ मध्ये औषध बाजारात आणण्याचा मक्ता ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या एकाच कंपनीकडे गेला. १९९२ च्या डिसेंबरात अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्यास सरकारी मान्यता मिळाली, परंतु संशोधकाने ठेवलेले नाव कंपनीची व्यापारमुद्रा बनले आणि द्रव्याला ‘पॅक्लिटॅक्सेल’ म्हणावे लागले. कंपनीने मोठा खर्च व जोखीम पत्करली हे खरे. तथापि लोकांच्या पैशाने सापडलेल्या औषधाच्या किमतीवर लोकांचा काय अधिकार, हा प्रश्न त्या कराराने सोडविला नाही. दुसरा प्रश्न झाडांचा होता: सालीसाठी झाड मारावे लागे. युरोपीय यूच्या पानांतील द्रव्यापासून औषध घडविण्याची कृती साधल्यावरच ती वृक्षहानी थांबली.