चार गोल दिवे, पंचवीस वर्षांची प्रतीक्षा

अमेरिकेतील रस्त्यावर पुढच्या मोटारीचे चार गोल लाल दिवे दिसले, की स्कायलाइनचा मालक आपल्या जातकुळीची गाडी ओळखतो. सुकाणू उजवीकडे असेल, तर शंकाच उरत नाही. अशी भेट तेथे दीर्घकाळ जवळजवळ अशक्य होती.

१९८८ च्या कायद्याने अमेरिकी निकषांनुसार न बनलेल्या मोटारींची खासगी आयात अतिशय कठीण केली. सूट होती ती पंचवीस वर्षे जुन्या गाड्यांना. पुढच्याच वर्षी जपानमध्ये निस्सानची आर-३२ जीटी-आर अवतरली आणि १९९० ते १९९३ दरम्यान जपानी टूरिंग कार स्पर्धेतील सर्व २९ शर्यती जिंकून गेली. कागदोपत्री शक्ती मात्र २८० अश्वशक्तीच. उत्पादकांचा आपसातला संकेत! अमेरिकी तरुणांच्या हाती ती प्रथम आली, तीही बहुधा ‘ग्रान टुरिस्मो’ या खेळातून.

हा नियम निर्मितीचा महिनाही मोजतो. ऑगस्ट १९८९ ची गाडी ऑगस्ट २०१४ मध्येच पात्र ठरली.