सुकटी, सुजवटी आणि मजुरीचा हंगाम



गंगापूर रोडने पश्चिमेकडे निघालेला मनुष्य गंगापूर मागे टाकून गिरणाऱ्यास पोचतो. द्राक्षांच्या हंगामात तेथे भल्या सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूंच्या बाया कडेवर मुले घेऊन उभ्या असतात. आमचे काम संघटनेचे. आम्ही तेथे दराची चौकशी करावयास जातो. पण बोलता बोलता नजर मुलांच्या दंडांकडे वळते, म्हणून वैद्य नसताही या विषयास हात घालीत आहोत.

१९३३ साली सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील मुलांच्या एका आजाराचे वर्णन केले व १९३५ साली त्यास तेथल्याच गा भाषेतले नाव दिले : क्वाशिऑरकर. धाकटे भावंड आले म्हणजे अंगावरून तुटलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. शास्त्रज्ञांनी पुढे प्रथिनांचा हिशेब मांडला. तेथल्या बायांनी कारण आधीच नावात सांगून ठेविले होते! आपल्याकडे हिलाच सुजवटी म्हणतात. पाय सुजतात, बोटाने दाबले की खळगा राहतो, केस विरळ व तांबूस होतात, कातडी सोलवटते, मूल हसत नाही. घरची माणसे सुजेला बाळसे समजतात. सुकटीत मात्र मांस झडते, चेहरा म्हाताऱ्यासारखा होतो. ती कोणालाही कळते. तिसरा प्रकार खुजेपणाचा. पाड्यावर सगळीच मुले खुजी, तेव्हा ताडून पाहावे कोणाशी?

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना निघाली; अंगणवाडी आली, वजनकाटा आला. तरी १९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची मुले दगावली, तेव्हा कुठे मुंबईस जाग आली. आता सहा महिन्यांपुढील व पाच वर्षांखालील मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला की ते तीव्र कुपोषित धरतात. काम एका फितीचे. पण ती फीत धरणाऱ्या सेविकेस वेतन नाही, मानधन आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून या बाया संपावर गेल्या, तेव्हा मुलांच्या नावाने त्यांनाच बोल लावणारे पुष्कळ भेटले. असो.

आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते आणि हगवण व हिवताप नेमके तेव्हाच येतात. आजाराने भूक मरते, भुकेने आजार बळावतो. कोवळ्या वयात लग्न झालेल्या अशक्त आईचे मूल तर जन्मतःच हलके. भात-नागली निघाली की कुटुंब मळ्यावर येते. नाव गावच्या अंगणवाडीत, मूल बागेच्या बांधावर. त्याचे पोट लहान, त्यास दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे भरवावे लागते. आई वेलींखाली असते. सात वर्षांची बहीण दोन वेळा चहात भाकर बुडवून देते. गा बायांनी धाकट्या भावंडाचे नाव घेतले, आम्हांस मजुरीच्या हंगामाचे घ्यावे लागते.

मागे दर ठरविताना आम्ही लेकुरवाळ्या बायांसाठी सकाळी व दुपारी अर्धा-अर्धा तास मागितला, मुलांना भरविण्यापुरता. एका बागायतदाराने विचारले, "या तासाची मजुरी कोणी द्यायची?" दर थोडा वाढवून मिळाला. तास मिळाला नाही.