वकिलीची सनद आणि वाचनाचे श्रम : बार्टलेट खटल्याचा इतिहास

वाचन हा वकिलीच्या व्यवसायाचा पाया होय. निवाडे, दस्तऐवज, साक्षीपुरावे व अधिनियम यांचे परिशीलन हे वकिलाचे नित्यकर्म असल्यामुळे, ज्यास वाचन कष्टाने साधते त्याने या व्यवसायाच्या वाटेस जाऊ नये, असा समज दीर्घकाळ रूढ होता. मेंदूच्या जन्मजात घडणीतील भिन्नतेमुळे ज्यांची वाचन-लेखनाची रीत इतरांहून निराळी असते, अशा व्यक्तींच्या दृष्टीने हा समज किती अन्यायकारक होता, हे अमेरिकेतील बार्टलेट खटल्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

मॅरिलिन बार्टलेट यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातून शिक्षण प्रशासन या विषयाची डॉक्टरेट संपादन केली होती व १९९१ मध्ये व्हरमाँट येथील विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली होती. त्यांना डिस्लेक्सिया होता. अक्षरे दिसत, अर्थही कळे. परंतु शब्द सहजगत्या ओळखला जात नसे. न्यूयॉर्क राज्याच्या सनद परीक्षेसाठी त्यांनी अधिक वेळ व तदनुषंगिक सवलती मागितल्या. त्या विधी परीक्षक मंडळाने नाकारल्या. शब्दवाचनाच्या ठरावीक चाचण्यांत त्यांचे गुण मंडळाच्या तज्ज्ञाने मानलेल्या रेषेच्या वर होते, हे त्याचे कारण. १९९३ मध्ये बार्टलेट यांनी, १९९० च्या अपंगत्वविषयक अमेरिकन कायद्याचा आधार घेऊन, संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल केला.

१९९७ मध्ये न्यायाधीश सोनिया सोटोमायर यांनी बार्टलेट यांच्या बाजूने निकाल दिला. शब्द अचूक वाचला की नाही एवढेच त्या चाचण्या सांगतात. तो किती वेळाने व किती सायासाने वाचला, हे त्यांतून कळत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. दुप्पट वेळ चार दिवसांत विभागून द्यावा, संगणक वापरू द्यावा, मोठ्या टाइपातील प्रश्नपत्रिका द्यावी व पर्यायी उत्तरांवर प्रश्नपत्रिकेतच खूण करू द्यावी, असा त्यांचा आदेश होता. यांपैकी कोणतीही सवलत कायद्याच्या ज्ञानाची कसोटी सैल करणारी नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९९८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम केला. तथापि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अन्य एका प्रकरणात असे ठरविले की, उपाययोजनेने दोष कितपत भरून निघतो हे पाहूनच अपंगत्वाचा निर्णय करावा. आणि त्या अनुरोधाने बार्टलेट खटला फेरविचारार्थ परत पाठविला. येथेच या इतिहासातील खरा पेच उभा राहतो. बालपणापासून अपार कष्टाने स्वतःपुरत्या युक्त्या शोधून जी व्यक्ती डॉक्टरेटपर्यंत पोहोचली, तिचे यशच तिच्याविरुद्ध पुरावा ठरू लागले. श्रम न करती तर ती पदवीस मुकली असती. श्रम केले म्हणून तिला सवलतीस मुकण्याची पाळी आली.

२००१ मध्ये सोटोमायर यांनी नव्या निकषानेही बार्टलेट यांचाच पक्ष मान्य केला. सर्व युक्त्या जमेस धरल्या तरी त्यांचे वाचन संथ व कष्टाचेच राहते, हा त्या निर्णयाचा गाभा. पुढे २००८ च्या दुरुस्ती कायद्याने मूळ पेचच सोडविला. शिकून अंगी बाणविलेल्या युक्त्यांचा लाभ अपंगत्व ठरविताना विचारात घेऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. आणि जीवनातील प्रमुख क्रियांत वाचन, एकाग्रता व विचार यांचा नामनिर्देश झाला.

भारतात हाच प्रश्न निराळ्या मार्गाने पुढे आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणी, लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या मर्यादेत बसणाऱ्यांपुरतीच ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. तो खटला सनदेचा नव्हे, तर नागरी सेवा परीक्षेचा होता. परंतु व्यक्तीची अडचण ठराविक आकड्याच्या चौकटीत बसते की नाही एवढ्यावरच तिचा हक्क अवलंबून ठेवू नये, हे तत्त्व दोहोंस समान आहे.

बार्टलेट खटल्याने व्यवसायाचे प्रवेशद्वार तेवढे उघडले. सनद मिळाल्यानंतर कचेरीत काम कसे वाटून दिले जाते, सूचना तोंडी मिळतात की लेखी, मसुदा वाचावयास किती अवकाश दिला जातो, यांवर पुढील वाटचाल अवलंबून असते. आणि या बाबी न्यायालयापेक्षा सहव्यावसायिकांच्याच हाती अधिक आहेत.