संमतिवय आणि राणीचें वचन

संमतिवयाच्या विधेयकास १८९१ सालीं झालेला विरोध म्हणजे निव्वळ सनातन्यांचा गलबला, अशी एक सोईची समजूत आहे. पत्नीशीं समागमाची मर्यादा १० वर्षांवरून १२ वर नेणाऱ्या त्या विधेयकाविरुद्ध वस्तुतः दोन आधार पुढें आले. पहिला धर्माचा: प्रथम ऋतुदर्शनानंतर करावयाचा गर्भाधानसंस्कार यामुळें बुडेल. दुसरा राजनीतीचा: धर्मांत ढवळाढवळ न करण्याचें वचन राणीनें १८५८ च्या जाहीरनाम्यांत दिलें होतें, शिवाय परक्या सरकारास आमच्या सुधारणेचा अधिकार कोणता? टिळकांनीं शास्त्रार्थही लढविला. पण त्यांचा खरा भर या दुसऱ्या प्रश्नावर होता. मुलींचीं लग्नें १६ वर्षांपूर्वीं करूं नयेत, असें त्यांनीं स्वतःच १८९० सालीं सुचविलें होतें.

धर्माच्या आक्षेपास भांडारकरांनीं शास्त्राधारेंच उत्तर दिलें. राजनीतीचा आक्षेप अधिक वजनदार खरा. परंतु १० वर्षांची मर्यादा १८६० च्या दंडविधानांतच, म्हणजे वचनानंतर दोन वर्षांनीं, घातली गेली होती. तत्त्व तेव्हांच ठरलें होतें. वाद उरला तो दोन वर्षांचा.

त्या दोन वर्षांचें मोल कलकत्त्याच्या फुलमणीनें दिलें. पतिसमागमानें तिला मृत्यु आला. पण तिला १० वर्षें पुरीं झालीं होतीं, म्हणून पतीस बलात्काराचें कलम लागूं शकलें नाहीं. १९ मार्च १८९१ रोजीं विधेयक संमत झालें. परसत्तेचा अधिकार नाकारणें न्याय्यच होतें. मात्र समाज आपण होऊन सुधारेपर्यंत अशा मुलींचा वाली कोण, याचें उत्तर विरोधकांपाशीं नव्हतें.